अबॅकसच्या पिशवीतले घुंगरू

गेल्या जूनपासून यंदाच्या मेपर्यंत, जवळजवळ एक वर्ष, आमच्या घरात एक खोटं नांदत होतं. त्या खोट्याला आम्ही कपडे घातले, नाव दिलं आणि आठवड्यातून तीनदा बोट धरून शाळेला सोडावं तसं बाहेर नेलं. ज्याला आम्ही अडचण म्हणत होतो ती अडचण वेगळी होती आणि चूक वेगळीच होती, हे वर्ष संपताना कळलं. त्याचा हा हिशेब.

आम्ही दोघं नवरा-बायको, दोघंही बी.एड., दोघंही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. राहतो मिरजेत. आमची लेक आठ वर्षांची. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानावर मुलांचा नृत्यवर्ग भरतो. आम्ही प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढत असू तेव्हा लेक जिन्यावर जाऊन उभी राही. एकदा पाहतो तर वरच्या तबल्याबरोबर तिचे पाय खाली पायरीवर चालले होते. जूनमध्ये आम्ही नाव घातलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार कथक. रविवारी फिल्मी गाण्यांची वेगळी तुकडी. तिला कथकला बसवलं.

घरी तिची दादी. मोहल्ल्यात आमची ओळख ‘मास्टर लोक’ अशी. म्हणून दादीला आणि शेजाऱ्यांना सांगितलं, की लेक अबॅकसला जाते. अबॅकस लिहिलेली एक जुनी पिशवीही भाच्याकडून मिळाली. घुंगरू वाजू नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळून त्या पिशवीत. वर एक वही.

वर्षभर आम्ही रात्री एकच प्रश्न चघळत राहिलो: नाच जायज की नाजायज? आमच्यासारख्यांकडे पुस्तकं असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पुरावे सापडतात. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी भाले घेऊन खेळत होते आणि हजरत आयशांनी तो खेळ हुजुरांच्या आडून मन भरेपर्यंत पाहिला, ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. कोणी म्हणतं, तो नाच होता. कोणी म्हणतं, ती हत्यारांची कसरत होती. इमाम गझालींनी ‘एहया’मध्ये समा आणि वज्द यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. कोन्याला मौलाना रूमींचे मुरीद गिरक्या घेत राहिले आणि त्यांना हरकत घेणारे उलेमाही होतेच. हा वाद शतकांचा आहे. तो आमच्या स्वयंपाकघरात मिटणार नव्हता, आणि तो मिटवण्याचा आमचा वकूबही नाही.

शिवाय हे शहर. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथं एकोणिसाव्या शतकात सतारी बनवायला घेतल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. किराना घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, आणि तिथं उरुसात आजही गाणं होतं. तारेवर फिरणाऱ्या बोटाला इथं कोणी काही विचारत नाही. पोरीच्या पायात घुंगरू आले की मात्र विचारतात.

आमच्या शाळेचंच पाहा. स्नेहसंमेलनात चौथीपर्यंतच्या मुली रंगीत ओढण्या घेऊन फेर धरतात. त्याला आम्ही ‘अॅक्शन साँग’ म्हणतो. पाचवीपासून त्याच मुली खुर्चीवर बसून तराना म्हणतात. नाव बदललं की सगळ्यांचं समाधान होतं. अबॅकसची युक्ती आम्हाला कुठून सुचली, हे आता लक्षात येतं.

वर्ग चांगला होता. बाई कडक, पण प्रेमळ. पहिले दोन महिने नुसता तत्कार. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजायच्या, पायांनी चालवायच्या, मग दुगुन. सुरुवातीच्या वंदनेबद्दल बाईंनी आम्हाला सरळ विचारलं, ‘‘तुमची हरकत असेल तर सांगा. ती सलामीपासून उभी राहील.’’ एक दिवस लेक घरी येताना रस्त्यातच म्हणाली, ‘‘अम्मी, आज आमद शिकवली. आमद म्हणजे येणं ना? हा तर आपला लफ्ज आहे!’’ आमद, सलामी, गत, नजाकत. लखनौला वाजिद अली शाहच्या दरबारात कथक बहरलं, १८५६ साली त्याचं राज्य गेलं, पण हे शब्द मराठी बाईंच्या तोंडी मिरजेपर्यंत आले. तिला केवढा आनंद झाला होता. घराच्या कोपऱ्यावर पोचल्यावर ती आपणहून गप्प झाली आणि पिशवी छातीशी धरून आत गेली.

डिसेंबरात एका संध्याकाळी दादीनं तिला सहज विचारलं, ‘‘अबॅकस सीखती ना तू? बोल, सोला दूनी?’’ लेक क्षणात म्हणाली, ‘‘बत्तीस!’’ ते उत्तर तिच्या पायांतून आलं होतं. दुगुनमध्ये सोळाचे बत्तीस होतात. दादी खूश. आणि मग लेकीनं, कोणी न विचारता, पुढं जोडलं, ‘‘आज तर सरांनी सतराचा पाढा घेतला. मण्यांवर. मीच पहिली आले.’’

तिथं सर नव्हते, मणी नव्हते. आम्ही तिला ‘अबॅकस’ एवढाच शब्द दिला होता. बाकीचं घर तिनं स्वतः बांधलं, आणि बांधताना तिचे डोळे जरासुद्धा हलले नाहीत.

त्या रात्री आम्ही शेख सादींचा आधार घेतला. ‘गुलिस्ताँ’मधली पहिलीच हिकायत: एका कैद्याचा जीव वाचावा म्हणून वजीर बादशहाशी खोटं बोलतो आणि बादशहा ते खोटं पसंत करतो. भल्यासाठीचं खोटं. आमचंही भल्यासाठीच होतं ना? पोरीची हौस पुरी होत होती, म्हातारीचं मन दुखत नव्हतं, मोहल्ल्यात शांतता होती.

पण विचार करता करता त्या हिकायतीतली एक गोष्ट टोचू लागली. वजीर खोटं बोलला तो स्वतः. मान गेली असती तर ती त्याची. आमचं खोटं कोण वाहत होतं? आठ वर्षांची पोर, आठवड्यातून तीनदा, टॉवेलात गुंडाळून. खोट्याचा हेतू काय हे विचारणं पुरेसं नाही. त्याचं ओझं कोणाच्या खांद्यावर आहे, हेही विचारायला हवं. मोठ्यांनी आपली भीती वाचवण्यासाठी लहानाला पुढं केलं, तर हेतू कितीही साफ असो, तो सौदा नासका आहे.

मग दुसरी हदीस आठवली, अबू दाऊदमधली. एक आई मुलाला हाक मारते, ये, तुला काही देते. हुजूर विचारतात, काय देणार होतीस? ती म्हणते, खजूर. हुजूर म्हणतात, काही दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर आम्ही दिला. एका खजुराएवढी ही गोष्ट मात्र सुटली होती.

तरी सांगायला मे उजाडला. वर्गाचा कार्यक्रम आठ दिवसांवर होता. दादीनं सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, ‘‘नाच मेरेकू पसंद नै. पर मेरेसे छुपाए कायकू?’’ दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘‘गाना कौनसा हय?’’

त्या प्रश्नानं आम्ही चपापलो. रविवारच्या तुकडीला माणसं कमी पडत होती म्हणून आमच्या लेकीला एका फिल्मी गाण्यातही घेतलं होतं. गाणं मोठ्यांचं, हावभाव मोठ्यांचे. आम्हाला ते खटकलं होतं, पण चोरून आलेल्याला तक्रार करायला तोंड नसतं. छोट्या मुलांना टीव्हीवर असं नाचवू नये, अशी सूचना केंद्र सरकारला वाहिन्यांना द्यावी लागली होती, २०१९ साली. म्हणजे दादीची भीती निव्वळ जुनाट नव्हती. आम्ही तिच्यापासून नाच लपवला, आणि त्याबरोबर तिचं शहाणपणही घराबाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्यांनी आमच्या लेकीला त्या गाण्यातून काढलं, आणि दोन दिवसांनी गाणंही बदललं.

कार्यक्रमाला दादी आली नाही. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. लेकीनं सलामी केली, तत्कार केला, दुगुनमध्ये एकदा चुकली आणि समेवर पुन्हा सापडली. शेजारची एक खुर्ची आम्ही रिकामी ठेवली होती, ती कार्यक्रम संपेपर्यंत रिकामीच राहिली.

या जूनमध्ये पुन्हा नाव घातलं आहे. दादीचं मत बदललेलं नाही. मोहल्ल्यात दोन घरांनी आमच्याशी बोलणं कमी केलं आहे, आणि पाचवीत गेल्यावर काय, हा प्रश्न अजून बाकी आहे. त्याचं उत्तर आमच्याकडे नाही. पण आता तो प्रश्न घरातल्या चौघांसमोर आहे, दोघांच्या कुजबुजीत नाही.

सोमवारी संध्याकाळी लेक दारातूनच ओरडते, ‘‘दादी, क्लास होऊन आले!’’ पिशवीत घुंगरू मोकळे असतात, जिन्यावरच वाजतात. दादी तसबीह फिरवता फिरवता म्हणते, ‘‘हं.’’

एवढंच. त्या ‘हं’मध्ये होकार नाही, हे आम्हाला कळतं. पण लेकीला आता पिशवी छातीशी धरावी लागत नाही.