हाताची साक्ष

बालकाच्या हातास काम दिले असता त्याच्या बुद्धीस चालना मिळते, हे तत्त्व आज नागपुरातील कोणतीही बालवाडी निःशंकपणे सांगते. परंतु हातास काम नेमके कशासाठी द्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकभरात कितीदा पालटले हे पाहू गेल्यास ते तत्त्व दिसते तितके सरळ नाही हे ध्यानात येते, आणि त्या शोधासाठी नागपूरकरास फार दूर जावे लागत नाही.

१९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया मॉन्टेसरी यांनी लहानमोठे लाकडी दंडगोल खाचांत बसवण्यासाठी मुलांपुढे ठेवले. एक दंडगोल मोठ्या खाचेत गेला की अखेरीस उरलेला एक कोठेच मावत नाही. वर्गातील बाईंनी ‘चुकले’ म्हणावयाची गरजच पडत नाही, मूल आपण होऊन सारे काढते व पुन्हा मांडू लागते. चुकीचा न्यायनिवाडा शिक्षकाकडून काढून वस्तूच्या स्वाधीन करणे हेच मला या पद्धतीचे मर्म वाटते, आणि पुढील प्रयोग मी याच कसोटीवर पारखतो.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरांवर, वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि तिच्यातून नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेतील तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगास देऊ केली. मुले सात वर्षांपुढची. साधन मात्र वऱ्हाड-नागपूरच्या प्रत्येक घरी ओळखीचे, कापूस. सरकी काढावी, कापूस पिंजावा, पेळू वळावा, टकळी फिरवावी. पीळ कमी पडला तर धागा तुटतो, अधिक झाला तर त्यास गाठी पडतात, आणि बोटे दोहोंच्या मधली वाट हळूहळू शोधून काढतात. दंडगोलाने जे केले तेच येथे सुताने केले; शिवाय सूत उपयोगाचे होते, हा त्या विचाराचा फार मोठा विशेष.

तथापि सुताच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च निघावा, ही अपेक्षा त्या विचाराला चिकटली. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतू मागे राहू नये, असा इशारा खुद्द समितीनेच दिला होता. नागपूर ही त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, आणि तेथील मंत्रिमंडळातील पंडित रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेतही जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवण्याची तरतूद होती. सरकारदरबारी तिजोरी रिकामी असताना हा मार्ग सुचणे स्वाभाविक होते, हे मी मान्य करतो. पण सुताचे वजन दप्तरी नोंदले जाऊ लागले की तुटलेला धागा शिकवीत नाही, तो तोटा ठरतो, आणि मुलाची नजर टकळीवरून तराजूकडे वळते.

या कोंडीतून ताराबाई मोडक यांनी काढलेली वाट मला सर्वांत मोलाची वाटते. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीस राहिलेल्या ताराबाई पुढे भावनगरास बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराच्या कार्यात सामील झाल्या. याच कार्यातून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. परदेशी धर्तीची महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने झाली, आणि त्यांवर उत्पन्नाचे कसलेही ओझे नव्हते. चिंचोके लहान-मोठे लावताना चुकले तर चिंचोकाच सांगतो. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे काम पुढे कोसबाडास दीर्घकाळ चालविले.

जुन्या मध्यप्रांतातल्याच होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू झाले, तेव्हा हीच दृष्टी थोड्या मोठ्या मुलांपर्यंत पोचली. नागपुरात महानगरपालिकेच्या शाळांतील मुले अपूर्व विज्ञान मेळाव्यात साध्या वस्तूंनी प्रयोग करून दाखवितात. त्या दृष्टीचाच हा पुढला अंकुर होय, असे मला वाटते.

याउलट पुष्कळ शाळांत ‘कृती’ म्हणजे बाईंनी आधीच कापून ठेवलेला मोर मुलाने आखलेल्या जागी चिकटवावयाचा, छायाचित्र काढावयाचे व उपक्रमवहीत नोंद करावयाची, असा शिरस्ता पडला आहे. त्या मोरात चुकण्यास जागाच ठेवलेली नसते. तपासनीस वर्गात आला तर त्याने उपक्रमवही क्षणभर बाजूस ठेवावी आणि एवढेच पाहावे: काम बिघडले, तेव्हा मूल बाईंच्या तोंडाकडे पाहते की हातातील वस्तूकडे.