उत्तर ओलांडताना

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 मध्यभागी दाटीनं आणि उरलेल्या 16 तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. सगळ्या मिळून एकच डोळा. तो एका जागी खिळवून ठेवतं ते सॉफ्टवेअर. अशाच एका वेधशाळेतली ही गोष्ट, पण ती वेधशाळा नकाशावर शोधू नका.

तिथं दर सहा महिन्यांनी सॉफ्टवेअरचा नवा रिलीज यायचा. महिनोन्‌महिने काम चालायचं आणि टेस्टिंगच्या वाट्याला मात्र शेवटची एक संध्याकाळ यायची. कारणही खरंच होतं. दुर्बिणीचा तास न्‌ तास कुणा ना कुणा संशोधकाला वाटून दिलेला, तो टेस्टिंगसाठी मागायचा कुणी?

त्या वर्षी रिलीज चैत्रात आला. चैत्रात 3सी 286 हा क्वेसार सूर्यास्ताच्या सुमारास ईशान्येला उगवतो. त्याची तेजस्विता वर्षानुवर्षं जवळपास स्थिर असते, म्हणून जगभरच्या रेडिओ दुर्बिणी त्याच्यावरून आपली मापं लावून घेतात. टीमनं सगळ्या अँटेना त्याच्याकडे वळवल्या, दहा मिनिटं निरीक्षण घेतलं. आलेख सुरेख आला. टीमच्या प्रमुख बाई कागदावर सही करणार, तेवढ्यात शिफ्टवरचे म्हातारे ऑपरेटर, ज्यांना सगळे आबा म्हणत, खुर्ची ओढून शेजारी बसले.

“ताई, हा माथ्यावर येईपर्यंत कधी थांबलात का?”

“आबा, मध्यरात्र उलटेल. आणि सिम्युलेटरवर सगळं पास झालंय.”

“गाडी अंगणात फिरवून बघितलीत. घाट कुठं चढवलात?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या मते त्या रात्रीतलं सगळ्यात मोठं काम तेच. अनुभवी माणसाची शंका ऐकून ठरलेली सही थांबवायला धैर्य लागतं, आणि रिलीजच्या दिवशी तर जास्तच.

मध्यरात्रीनंतर क्वेसार माथ्याजवळ आला. 19 अंश अक्षांशावरून पाहिलं तर तो बरोबर डोक्यावरून जात नाही, किंचित उत्तरेकडून जातो. दिशा अंशांत मोजायची तर उत्तर म्हणजे शून्य. पडद्यावर आकडे उतरत होते: तीन, दोन, एक, शून्य. पुढचा आकडा 359. खरं तर अँटेनांनी आणखी एकच अंश सरकायचं होतं. नव्या प्रोग्रॅमनं मात्र 359 ही लांबची जागा समजून उलटा पूर्ण वळसा घालायचा हुकूम सोडला. क्वेसार सुटला, आलेख कोसळला, खाली अँटेनांच्या आत केबलींना पीळ बसू लागला. आबांनी थांबवण्याचं बटण दाबलं.

ज्या तरुणानं तो भाग लिहिला होता त्याचा चेहरा उतरला. सिम्युलेटरसाठीचे स्रोतही त्यानंच निवडले होते, सगळे दक्षिणेकडून जाणारे. “तुझ्या मनात जे आलं नाही ते तुझ्या टेस्टमध्ये कुठून येणार?” बाई शांतपणे म्हणाल्या. “चूक तुझी एकट्याची नाही. आपण सगळे टेस्ट पास व्हावी म्हणून घेत होतो. चूक सापडावी म्हणून घ्यायला हवी.”

जमिनीवरच्या दुर्बिणीला थांबवण्याचं बटण असतं. जपानची हितोमी ही क्ष-किरण वेधशाळा 17 फेब्रुवारी 2016 रोजी अवकाशात गेली आणि 26 मार्चला तिचा संपर्क तुटला. यान सावरणाऱ्या थ्रस्टरसाठी चुकीची मूल्यं पाठवली गेली होती, त्यांची नीट पडताळणी झाली नव्हती. यान गरगरत फिरलं आणि मोडलं. किती लोकांची किती वर्षं त्यात होती, या विचारानं आजही जीव तुटतो.

इकडे रिलीज मागं घेतला, जुनी आवृत्ती परत चढवली. उत्तरेची चूक दुरुस्त व्हायला एक दुपार पुरली. खरं काम त्यानंतरचं होतं. बाईंनी एक नोंदवही सुरू केली आणि ती ऑपरेटरांच्या हाती दिली. रात्री-अपरात्री जे जे बिघडतं ते त्यांनी लिहायचं: वारा वाढला म्हणून मध्येच अँटेना उभ्या कराव्या लागल्या, एका अँटेनाची वीज गेली, संशोधकानं ऐन वेळी स्रोत बदलला. नोंदीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक टेस्ट, आणि एकदा आलेली टेस्ट पुन्हा काढायची नाही. सहा महिन्यांचा ढीग एकदम चढवण्याऐवजी छोटे बदल थोड्या-थोड्या दिवसांनी येऊ लागले. प्रत्येक बदल आधी साठवलेल्या जुन्या निरीक्षणांवर चालवायचा, मग दोन अँटेनांवर, मग सगळ्यांवर.

दोन अँटेना दर आठवड्याला टेस्टिंगला द्यायच्या म्हटल्यावर संशोधक कुरकुरले. संचालकांनी त्यांच्यासमोर त्या रात्रीचा कोसळलेला आलेख ठेवला आणि विचारलं, “हा तुमच्या निरीक्षणाचा असता तर?” अँटेना मिळाल्या.

पुढच्याच रिलीजच्या वेळी वाऱ्याच्या नोंदीवर एक अँटेना अडली. रिलीज आठ दिवस लांबला. त्या आठवड्यात ज्याचा वेळ होता त्या संशोधकाला त्या तरुणानं स्वतः फोन करून काय सापडलं ते सविस्तर सांगितलं. संशोधकानं दोन प्रश्न विचारले आणि निरीक्षण जुन्या आवृत्तीवरच घ्यायचं ठरवलं.