मोहाच्या ढेपेचा धडा

गोंदिया जिल्ह्यात मोहाचे काहीच वाया जात नाही. फुले वेचली जातात, बियांचे तेल निघते आणि उरलेली ढेप तळ्याच्या कामी येते. मत्स्यबीज सोडण्याआधी नको असलेले मासे काढायला मीटरभर खोल पाण्यात हेक्टरी सुमारे २,५०० किलो ढेप टाकतात. तिच्यातले सॅपोनिन माशाच्या तांबड्या रक्तपेशी फोडते आणि मासा मरतो. तीनेक आठवड्यांत विष उतरते, ढेप कुजून खत होते आणि मग रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडता येतात. आधी विष आणि नंतर खत, अशी दोन्ही कामे एकच ढेप करते. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?’ असे विचारणाऱ्याला हा एक दाखला पुरे.

हा प्रश्न आज विचारायला हवा, कारण माशांच्या जीवाणूजन्य रोगांवर वनस्पतिजन्य औषधांची चर्चा वाढते आहे आणि तिला सबळ कारणही आहे. ‘एरोमोनास हायड्रोफिला’ हा जीवाणू गोड्या पाण्यात एरवीही असतो. तळ्यात मासे दाटले, प्राणवायू घटला किंवा जाळ्याने खवले खरवडले, की तो संधी साधतो. मग अंगावर लाल चट्टे उठतात, जखमा होतात, पोट फुगते. हाच जीवाणू जाळे ओढणाऱ्याच्या कापलेल्या हातातही शिरू शकतो. अशा वेळी पाण्यात किंवा खाद्यात प्रतिजैविक मिसळले, तर त्याला दाद न देणारे जीवाणू तेवढे उरतात आणि दाद न देण्याचे जनुक इतर जीवाणूंनाही देतात. माणसाचा शेवटचा उपाय मानले जाणारे कोलिस्टिन मत्स्यपालनात आणि पशुखाद्यात वापरायला भारताने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच भीतीने.

पण ‘रासायनिक’ प्रतिजैविक वाईट आणि ‘नैसर्गिक’ औषध चांगले, ही मांडणीच मुळात लंगडी आहे. पेनिसिलिन बुरशीने दिले, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या सूक्ष्मजीवाने. पिंपरीच्या ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक सापडले, तेही तिथल्याच मातीत. ही सगळी निसर्गाचीच देणगी. ती बोथट झाली आपल्या हातांनी: मोजमाप न ठेवता, गरज नसताना, जिथे तिथे वापरून. हीच सवय घेऊन आपण हळदीकडे आणि कडुनिंबाकडे वळलो, तर गत वेगळी होणार नाही.

वनस्पतींकडून घेण्यासारखी खरी नवी गोष्ट वेगळीच आहे. जीवाणूला ठार न मारता त्याची हत्यारे काढून घेता येतात. एरोमोनासचे एक हत्यार म्हणजे एरोलायसिन. या विषाचे सात रेणू कडे करून पेशीच्या आवरणाला भोक पाडतात. ओव्यातले थायमॉल या विषाची निर्मिती रोखते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. जीवाणू आपापसांत रासायनिक निरोप धाडून संख्या पुरेशी झाली की हल्ला चढवतात. हे निरोप बिघडवणारे पदार्थ ऑस्ट्रेलियातल्या एका लाल समुद्रशैवालात मिळाले. जीवाणू मरत नसल्याने प्रतिकारक वाण निवडले जाण्याचा दबाव कमी राहतो. कमी, पण शून्य नव्हे. आणि परीक्षानळीतला विजय तळ्यातला विजय नसतो. हळदीतले कुरकुमिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि शरीरात फारसे शोषलेही जात नाही.

यावर कुणी म्हणेल, ही पारंपरिक ज्ञानाची हेटाळणी झाली. मला उलट वाटते. ढेप टाकणाऱ्याला मात्रा ठाऊक असते, किती थांबायचे तेही ठाऊक असते. बाटलीवर पान छापून विकल्या जाणाऱ्या ‘हर्बल’ औषधात नेमक्या याच दोन गोष्टी हरवतात. परंपरा त्या बाटलीच्या बाजूने साक्ष देत नाही.

औषधाच्या आधीही एक पायरी आहे: तळेच निरोगी ठेवण्याची. गोंदिया-भंडाऱ्याचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने बांधले. नवेगावबांधच्या जलाशयाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. या तलावांवर मासेमारी करणाऱ्या धीवरांची उपजीविका चालते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि धीवर महिला यांनी तलावांतले बेशरम हे तण उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्या कामाचा हेतू रोगनिवारण नव्हता. पण माशाला आसरा, खाद्य आणि प्राणवायू देणारे पाणी जीवाणूला संधी कमी देते, एवढे खात्रीने म्हणता येते.

म्हणून कोणत्याही नव्या औषधाला विचारायचे प्रश्न ढेपेनेच शिकवले आहेत: किती टाकायचे, कशावर काम करते, आणि बोटुकली सोडण्याआधी किती दिवस थांबायचे? ज्याला उत्तर देता येत नाही, ते झाडाचे असो की कारखान्याचे, तळ्याबाहेरच राहू द्यावे.