आभाराचा बॅनर

आमच्या गल्लीत नवी पाइपलाइन आली, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "तू लिहितोस ना रे? मग बॅनरचा मजकूर तूच दे. वर नगरसेवकांचे मनःपूर्वक आभार, खाली समस्त रहिवासी." मी मोबाइलवर टाइप करायला घेतलं आणि अडकलो. जे आपल्या हक्काचं आहे, त्यासाठी आभार मानायचे का?

काकांना विचारलं. ते म्हणाले, "दोन गोड शब्दांनी आपलं काय जातं?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. कुणी आपल्या कामासाठी धावपळ केली, तर त्याची दखल घ्यावी. तेवढी माणुसकी हवीच.

तरी मला मृणाल गोरे आठवत राहिल्या. १९६१ साली त्या गोरेगावातून मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. पाण्यासाठी इतक्या भांडल्या, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. पुढे सत्तरच्या दशकात महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा अहिल्या रांगणेकरांच्या सोबतीनं त्याही पुढे होत्या. आपल्याला लोकप्रतिनिधी म्हणजे देणारा हात वाटतो. या बाई मागणाऱ्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. कुणी दिलेलं पाणी घेताना मान खाली जाते. आपण मिळून मागितलेलं पाणी आलं, तर पुढच्या वेळी पुन्हा मागायची हिंमत येते.

पाण्याचं मोल आपल्या शिरपूरला वेगळं सांगायला नको. नाले रुंद-खोल करून त्यांवर ओळीनं बंधारे बांधायचे, हा 'शिरपूर पॅटर्न' राज्यभर माहीत आहे. पाणी जमिनीत कसं मुरवायचं, हे भूगर्भशास्त्र सांगतं. ते कुणाच्या नळाला यायचं, हे मात्र माणसं ठरवतात.

आमची गल्ली संपते तिथून पत्र्याची घरं सुरू होतात. नवी पाइपलाइन तिथपर्यंत गेलेली नाही. कारण सगळ्यांना पाठ आहे: "त्यांच्याकडे कागद नाहीत." तिथल्या बायका आमच्याकडे हंडे भरायला येतात, आम्ही भरू देतो आणि त्या आमचे आभार मानतात. म्हणजे नगरसेवकांपुढे आम्ही जसे, तशाच त्या आमच्यापुढे. आभार मानून घेणं मलाही आवडतं, हे तेव्हा कळलं.

कागदांचा हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. मुंबईतल्या अनधिकृत झोपड्यांबाबत उच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, की घर बेकायदा आहे म्हणून पिण्याचं पाणी नाकारता येत नाही. जगण्याच्या हक्कात पाणी येतं. घर राहील की जाईल, हा वाद वेगळा. तहान त्या निकालाची वाट बघत नाही.

मला खटकत होता तो शब्द 'आभार' नव्हता, 'समस्त' होता. आभाराचा बॅनर लागला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. ज्यांचं झालेलं नाही, ते त्या 'समस्त'मध्ये मोजलेच जात नाहीत.

शेवटी मी मजकूर पाठवला: 'आमच्या गल्लीत पाणी आलं. खड्डे खोदणाऱ्या कामगारांचे आणि पाठपुरावा करणाऱ्या सगळ्यांचे आभार. पुढच्या वस्तीत कधी?'

निळ्या टिका लगेच आल्या, उत्तर आलं नाही. रात्री काकांचा फोन आला. "मजकूर चांगला आहे रे," ते म्हणाले, "पण यात फोटो कुणाचा टाकायचा?"