बियाण्याचे गाडगे

उजनीच्या धरणाने जुने पळसदेव पाण्याखाली घेतले, तेव्हा माझ्या आत्याने बैलगाडीत सर्वांत आधी काय ठेवले असेल? बियाण्याचे गाडगे! देव्हारासुद्धा नंतर. पळसनाथाचे देऊळ मात्र पाण्यातच राहिले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते अजूनही वर येते.

आत्याचा जोंधळा भिगवणपासून इंदापूरपर्यंत सोयऱ्यांत पेरला जाई. खळे होण्याआधीच ती टपोरी कणसे निवडी, दाणे राखेत घोळून ठेवी, आणि मागेल त्याला देई. कोणी सवाईने परत करायला आले, तर घेत नसे. मीही एकदा पायलीभर नेला. एका स्नेह्याने पीक पाहून वाणाचे नाव विचारले, आणि मी, कोण जाणे कोणत्या मोहाने, आपलेच नाव सांगून बसलो. बातमी आत्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ? त्या दिवाळीला फराळाचे ताट पुढे ठेवता ठेवता ती म्हणाली, "बी दिलं व्हतं रं तुला, नाव कुठं दिलं व्हतं?" करंजी घशाखाली उतरेना.

फुकट दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचे काही उरते काय?

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे दीड एकराचे धनी. १९८३ साली धानात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि बारीक तांदळाचे नवे वाण हाती आले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडले. वाण दूरवर गेले, विकले गेले. २००५ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण पैशाची ओढाताण काही सुटली नाही. २०१८ साली ते गेले. आणि मौज पाहा, ज्या धानात त्या लोंब्या सापडल्या, ते 'पटेल ३', म्हणजे आणखी कुणाच्या तरी नावाचे!

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ साली लागू झालेल्या करारानंतर आपल्याकडे २००१ साली वाणांचा व शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. शेतकऱ्याला आपले वाण नोंदवता येते. शिवाय घरचे बियाणे ठेवावे, पेरावे, वाटावे, विकावेही, फक्त नोंदलेल्या वाणाचे बियाणे छापाच्या पिशवीत घालून विकू नये. कायदा मला शहाणा वाटतो. पण नोंदीसाठी वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर हवे. आत्याच्या जोंधळ्यात दोन कणसे सारखी असतील तर शपथ! शिवाय तिने कुलूप लावले असते, तर आमच्या सोयऱ्यांत तो पोचलाच नसता. म्हणून कुलपाचा मी कैवारी नाही. पण नाव? नाव सांगायला काय खर्च येतो?

आत्या आता नाही. यंदा त्या स्नेह्याला मी पत्र लिहून खरे काय ते कळवले. उत्तर लगेच आले. बियाणे एव्हाना चार गावांत गेले आहे, म्हणतो. सगळीकडे माझ्याच नावाने.