कानांवरचे हात

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला दोन भावांची एक खानावळ होती. गड चढणाऱ्यांना सकाळी चहा-पोहे, उतरणाऱ्यांना दुपारी पिठलं-भाकरी. धाकटा बोलका होता. थोरला गल्ल्यावर बसे. त्याचा हिशोब कधी चुकत नसे, पण गिऱ्हाइकानं केलेली थट्टा त्याला कळत नसे. सगळे हसले की तोही हसे, जरा उशिरानं. गाव त्याला घुमा म्हणे.

धाकट्याचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलेना. त्याला मुंबईच्या सरकारी इस्पितळात दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणी असं?" भावजयीनं थोरल्याकडे पाहिलं. मग त्याचीही तपासणी झाली. कागदावर तेच लिहून आलं. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता.

त्यानं तो कागद ट्रंकेत कपड्यांखाली सारला. "हे पोरांचं असतं," तो म्हणाला. "मी कमावता माणूस आहे." आणि त्या दिवसापासून तो हट्टानं चारचौघांसारखा वागू लागला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलायचं, मोठ्यानं हसायचं, कुणी पाठीवर थाप मारली तरी अंग चोरायचं नाही. रात्री मात्र तो न जेवताच आडवा होई.

६ जून आला. शिवराज्याभिषेकाच्या दिवशी गर्दी झाली की थोरला दरवर्षी काहीतरी निमित्त काढून मागं जाई. त्या वर्षी तो मुद्दाम गल्ल्यावर बसला. भर दुपारी ढोल-ताशाचं पथक दारासमोरच थांबलं आणि वाजवू लागलं. थोरल्यानं शंभराच्या नोटेवर पाचशेची मोड दिली, आणि पुढच्याला मोडच दिली नाही. तो माणूस ओरडला. थोरल्याच्या तोंडून शब्द फुटेना.

चुलीपाशी बसलेल्या पुतण्यानं दोन्ही हातांनी कान झाकले होते. आजीनं त्याला उचललं आणि मागच्या परड्यात नेलं. कुणी त्याला रागावलं नाही. थोरल्यानं ते पाहिलं.

एरवी असं झालं की तो तक्याच्या विहिरीकडे जाऊन बसे. आज तिथंही माणसंच माणसं होती. तो परड्यात आला. आई कांदे चिरत होती.

"तूही असाच कान झाकायचास," ती मान वर न करता म्हणाली. "लोक बघतात म्हणून मी तुझे हात खाली ओढायची. एकदा मारलंही. मला कुठं ठाऊक होतं रे?"

थोरला पोराशेजारी बसला आणि त्यानं कानांवर हात ठेवले.

एवढ्यानं सगळं निभलं असं नाही. पुढं कितीतरी दिवस तो धुमसत होता. शाळेत खाल्लेला मार, मोडलेली दोन स्थळं, सगळं त्याला नव्यानं आठवे. कागद काढी, वाची, परत ठेवी. एका रात्री भावाला म्हणाला, "गर्दीत मला गल्ल्यावर बसवू नकोस."

"एवढंच होतं तर आधी सांगायचंस," धाकटा म्हणाला.

"मला तरी कुठं माहीत होतं?"

लिओ कॅनर या डॉक्टरानं १९४३ साली ११ मुलांविषयी लिहिलं, तेव्हापासून ऑटिझम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मूलच येतं. पण तो जन्मापासून असतो आणि वयाबरोबर जात नाही. ती मुलं मोठी होतात, तशी ज्यांच्याविषयी कुणी काही लिहिलं नाही तीही होतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मानलेल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझमही आहे. थोरल्याला जड गेलं ते निराळंच. गावानं मारलेला शेरा त्यानं बिनतक्रार अंगावर वागवला होता, कारण त्यात दोष त्याचा होता. डॉक्टरांचा कागद म्हणत होता की दोष नव्हताच. म्हणजे ४२ वर्षांचा हिशोब पुन्हा मांडायचा. हिशोबाच्या माणसालाही ते चटकन जमत नाही.

पुढच्या ६ जूनला गल्ल्यावर भावजय बसली. थोरला कानांत कापसाचे बोळे घालून परड्यातल्या चुलीवर भाकऱ्या भाजत होता. रात्री दार लावल्यावर दिवसाचा हिशोब त्यानंच केला, आणि तो बरोबर निघाला.