सुटली की सोडली?

राज्य विम्याच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "नौकरी छूटी या छोड़ी?" वहिनी गोंधळल्या आणि मराठीत मला म्हणाल्या, "ताई, काय सांगू? सुटली म्हणू की सोडली म्हणू?"

गुरुग्रामजवळच्या मानेसरला आल्यापासून मी दुभाषी म्हणून अनेक दारं पाहिली आहेत: शाळा, बँक, गॅसवाला. पण इतकी कुठे अडले नव्हते. क्रियापदं दोन्ही भाषांत सारखीच. खरं उत्तर मात्र त्या दोन क्रियापदांच्या मधे कुठेतरी पडलेलं होतं.

वहिनी भोसरीच्या. तिथल्या एका कारखान्यात सात वर्षं लाइनवर उभ्या राहून त्यांनी गाड्यांच्या वायरिंगची जुळणी केली. मग मुलगी झाली, सासूबाईंना अर्धांगवायू झाला, नवऱ्याची चाकणहून इकडे बदली झाली. नऊ वर्षं घरात गेली. त्यानंतर नाहरपूरच्या बाजूला एका ठेकेदारामार्फत त्या पुन्हा कामाला लागल्या. चौदा महिन्यांनी ऑर्डरी घटल्या. सुपरवायझरने कोरा कागद पुढे केला: राजीनामा लिहा, सही करा, हिसाब घ्या. त्यांनी लिहिला, सही केली, हिसाब घेतला. आता सांगा, सुटली की सोडली?

हा प्रश्न बाबूंच्या मनातला नव्हता, नियमातला होता. कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगारांसाठी १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. काम गेलं तर सरासरी कमाईचा पाव भाग, कोविडच्या दिवसांत वाढवून निम्मा. तोही आयुष्यभरात मिळून जास्तीत जास्त ९० दिवस. नोकरी स्वतःहून सोडलेली नसावी, शिस्तभंगाखाली गेलेली नसावी. आणि मुख्य अट अशी की काम जाण्याच्या लगतच्या आधी दोन वर्षं विम्याखालची नोकरी झालेली असावी, त्यातही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाहींपैकी शेवटच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी असावी, आणि त्याआधीच्या तीनपैकी एकीत तेवढीच. वहिनींचा पगार साडेअकरा हजार. सगळं जुळतं तर तीन महिन्यांचे मिळून १७ हजारांच्या आसपास हाती आले असते. दोन खोल्यांचं भाडं आणि मुलीची फी त्यात निघाली असती.

जुळलं नाही. बाबूंनी पडदा आमच्याकडे वळवला; माणूस भला होता, तसं करणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. वर वहिनींचा दहा आकडी विमा क्रमांक, भोसरीत मिळालेला तोच. खाली चौदा महिन्यांच्या ओळी. त्यांच्या लगत आधी काही नाही. यंत्रणेने क्रमांक जपून ठेवला होता, माणूस ओळखला होता, मधल्या नऊ वर्षांबद्दल मात्र तिच्याकडे एक शब्द नव्हता. भोसरीची सात वर्षं आणि इथले चौदा महिने यांची बेरीज होत नाही, कारण मोजायचं ते लगतचंच.

आपल्याकडे याला 'खंड' म्हणतात. सेवेत खंड पडला की सरकारी नोकराच्या पोटात गोळा येतो. गंमत अशी की शेतीत हाच शब्द उलट अर्थाने चालतो: जमीन खंडाने दिली म्हणजे दुसऱ्याने कसायची आणि मालकाला मोबदला पोचवायचा. वहिनींची नऊ वर्षं खरं तर खंडानेच गेली होती. नवरा निश्चिंतपणे शिफ्ट करू शकला, सासूबाईंना नर्स ठेवावी लागली नाही. मोबदला पोचवणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. ही मिनिटं सरकारनेच मोजली आहेत. फक्त ती ज्या तक्त्यात मोजली, तो तक्ता विम्याच्या खिडकीपर्यंत येत नाही. पडीक जमिनीचीसुद्धा सातबाऱ्यावर 'पड' म्हणून नोंद होते. माणसाच्या बाबतीत तेवढंही नाही.

आणि 'ब्रेक'? या शब्दाचे इथे दोन बाजार आहेत. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींत बायका 'करिअर ब्रेक घेतला' म्हणतात. मानेसरला, आणि आपल्या चाकण-भोसरीलाही, कामगार म्हणतो, 'कंपनीने ब्रेक दिला'. सहा-सात महिने भरले की घरी पाठवायचं, थोड्या दिवसांनी नव्या कागदावर परत घ्यायचं, म्हणजे कामगार कायद्यातले वर्षाचे २४० दिवस भरत नाहीत आणि कपातीची भरपाई द्यावी लागत नाही. (ब्रेक घेणाऱ्यांनाही भत्ता मिळत नाहीच, कारण २१ हजारांवर पगार गेला की राज्य विमा तुम्हाला ओळखत नाही. पण तो हुंदका निराळा.)

तिसरं क्रियापदही याच गावाने पाहिलं आहे: काढली. १८ जुलै २०१२ ला मारुतीच्या इथल्या कारखान्यात हिंसाचार झाला, व्यवस्थापक अवनीश कुमार देव यांचा जीव गेला. पाचशेहून अधिक कायम कामगारांना कमी केलं गेलं. मार्च २०१७ मध्ये गुरुग्रामच्या न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवलं आणि ११७ जणांना निर्दोष सोडलं. त्यांतल्या अनेकांनी दोन वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेत काढला होता. तो खंड त्यांनी घेतला नव्हता, पण नव्या दारावर 'मधली वर्षं कुठे होतात?' हे विचारलं जातंच.

विमा म्हटला की वर्गणी आली, हे मला मान्य आहे. डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना प्रा. बी. पी. आदारकर यांनी १९४४ मध्ये कामगार विम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कायदा आला. आजारपण, बाळंतपण, अपघात त्यात बसले. बेकारीला दार बरंच उशिरा उघडलं. घटनेच्या कलम ४१ मध्ये बेकारीत सरकारी साहाय्य आहे, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. जर्मनीही वर्गणीच मागते. मात्र आधी विमा असलेली बाई तीन वर्षांखालचं मूल वाढवत असेल, तर तो काळ तिथे विम्यात धरतात. वर्गणी म्हणजे काय, हे ठरवता येतं, एवढंच मला त्यातून दिसतं. आणि स्वतःहून नोकरी सोडली तर तिथे साधारण १२ आठवडे भत्ता रोखतात, हक्क मुळापासून पुसत नाहीत. सुटली आणि सोडली यांच्यामध्ये तिथे भिंत नाही, उंबरठा आहे.

इतक्या लांब जायचंही कारण नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या आपल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला. काम मागा, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता. गेली दोन वर्षं कुठे होतात, हे तिथे कुणी विचारत नव्हतं. प्रौढ आहात, अंगमेहनतीला तयार आहात, झालं. खडी फोडायला आलेल्या बाईच्या पाठीवरची मागची वर्षं खडीइतकीच निनावी राहिली, आणि त्यात तिचा फायदा होता. भत्ता प्रत्यक्षात फार थोड्यांच्या हाती पडला, हेही खरं. पण प्रश्न विचारायची पद्धत तरी माणसाची होती. शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून ती योजना बऱ्याच अंशी चालली. भोसरीत असताना वहिनींचाही तो कापला जायचा.

त्या दिवशी बाबूंनी शेवटी एक उपयोगी गोष्ट सांगितली: लवकर कुठे लागलात तर क्रमांक हाच ठेवा, नवा काढू देऊ नका. परतताना वहिनी रिक्षात गप्प होत्या. संध्याकाळी माझ्याकडे आल्या. एका ठेकेदाराने रबरी भागांच्या कडा कापायचं काम देऊ केलं होतं, सहा महिन्यांसाठी. मग ब्रेक.

"एप्रिलला लागले तर अठ्ठ्याहत्तर दिवस कधी भरतील हो?"

मी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. बोटाने मोजत आम्ही मेपर्यंत आलो आणि लाल रविवारांपाशी अडलो. ते धरायचे की सोडायचे, हे खिडकीवर विचारायचं राहून गेलं होतं.